वसंतरावांची पाचशे काडतुसं

"शुक्रवारी दुपारी बाराच्या आत स्टोअर्स डिपार्टमेंट पहिलं आलेलं असेल आणि तुझा तो पिकअप रद्द झालेला असेल! लिहून ठेव!"

वसंतरावांनी हे अनुजाच्या जेवणाच्या टेबलावर, आमटीची पळी तलवारीसारखी उगारून सांगितलं. जावई स्वानंदनं खरंच मोबाइल काढला आणि तारीख-वेळेसकट लिहून ठेवलं. स्वानंद ऑडिटमध्ये होता. त्याला असल्या गोष्टी लिहून ठेवायला मनापासून आवडायचं.

पिकअप म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. वसंतरावांची बायको रत्नप्रभा जाऊन दीड वर्ष झालं होतं. दोह्यातल्या ज्या दोन खोल्यांत दोघांनी एकोणीस वर्षं काढली, तिथं वसंतराव आता एकटेच राहत होते. अनुजाचं घर अल रय्यानला. तिनं ठरवून टाकलं होतं की फुटबॉलच्या विश्वचषकासाठी रस्ते बंद व्हायच्या आत, एक नोव्हेंबरला, बाबांना सामानासकट आपल्याकडे आणायचं. पिकअपवाल्याला सांगूनही झालं होतं.

"अगं, पण मला काय धाड भरलीय?" वसंतराव म्हणायचे.

"बाबा, तुम्ही एकट्यासाठी पंचवीस किलो कांदे आणले. त्यांना कोंब फुटून ते बाल्कनीच्या जाळीवर चढले!"

"होलसेलमध्ये होते."

"आंघोळीचे साबण किती आहेत घरात?"

"एकशे चाळीस," वसंतराव म्हणाले. स्टोअर्सचा माणूस. आकडा विचारला की तोंडातून आपोआप बाहेर यायचा.

शेवटी त्या दिवशी जेवताना पैज लागली. वसंतरावांनी एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत, कुणाचीही मदत न घेता पार पाडायचं. पडलं, तर पिकअप रद्द. नाही पडलं, तर वसंतराव स्वतः पिकअपच्या पुढच्या सीटवर येऊन बसणार. आणि काम होतं कंपनीच्या नेमबाजी स्पर्धेत स्टोअर्सची टीम उतरवण्याचं.

त्यांची कंपनी लुसैलमधल्या पादचारी पुलांना कठडे बसवत होती. दोन वर्षं सगळ्यांनी गाढवासारखं काम केलं होतं. विश्वचषकाला दोन महिने उरले, कठडे संपले, तेव्हा साहेबांना वाटलं की लोकांना जरा मजा करू द्यावी. म्हणून आंतरविभागीय स्पर्धा. कॅरम, क्रिकेट, रस्सीखेच आणि एका क्लबच्या बंदिस्त हॉलमध्ये नेमबाजी. पॉइंट टू-टूची सेमी-ऑटोमॅटिक रायफल, समोर पत्र्याच्या दहा चकत्या. प्रत्येक टीममध्ये तीन माणसं, प्रत्येकाला दहा-दहा चकत्या. सगळ्या चकत्या कमीत कमी वेळात पाडायच्या. काडतुसं ज्यानं त्यानं क्लबच्या काउंटरवरून घ्यायची.

नेमबाजी हा शब्द ऐकला आणि वसंतरावांच्या अंगात बावीस वर्षांचा कॅडेट शिरला. एन.सी.सी.! नाशिकचं कॉलेज, एकोणीसशे शहाऐंशी! पालथं झोपून, बोल्ट मागेपुढे करत दहापैकी नऊ गोळ्या काळ्या ठिपक्यात! फक्त त्या गोष्टीला छत्तीस वर्षं झाली होती, एवढंच.

टीममध्ये आणखी दोघं होते. एक सुनीती, डॉक्युमेंट कंट्रोलर, पुण्याची, जिभेला धार. दुसरा जाफर, हमद पोर्टच्या यार्डातला फोर्कलिफ्ट सुपरवायझर, कोळिकोडचा. दोघांनीही जन्मात बंदूक धरलेली नव्हती. जाफरचा विश्वास मात्र अफाट होता.

"वसंत सार है तो टेन्शन नहीं है," तो म्हणायचा.

स्पर्धेच्या आठवडाभर आधी वसंतराव क्लबच्या काउंटरवर काडतुसं घ्यायला गेले. काउंटरवर हैदराबादची सलमा होती. तिनं एक छोटी पेटी पुढे ठेवली. आत पन्नास काडतुसं, प्रत्येकाला स्वतंत्र भोक, जशी काही दागिन्यांची डबीच.

वसंतरावांची नजर मात्र मागच्या फळीवर गेली. तिथं प्लास्टिकची एक मोठी बरणी होती. पाचशे काडतुसं, सुटी, शेंगदाण्यासारखी भरलेली. भाव अर्ध्याहून कमी.

"ती द्या!"

"अंकल, ये बोल्टवाली बंदूक के वास्ते है," सलमा म्हणाली. "ऑटोमॅटिक में डाले तो नखरे करती."

"बेटी, आम्ही एन.सी.सी.त असलीच वापरलीत. एकही नखरा नाही!"

हे खरंच होतं, आणि सगळा घोळ तिथंच होता. पण वसंतरावांना ते अजून कळायचं होतं. त्यांनी बरणी उचलून छातीशी धरली आणि विजयी मुद्रेनं हॉलमध्ये शिरले.

हॉलचा प्रमुख मजीद, मुलतानचा. उंच, शांत, सुरक्षेच्या बाबतीत पक्का. त्यानं नियम सांगितला. गोळी सुटली नाही किंवा रायफल अडकली, तर नळी समोरच ठेवायची, डावा हात सरळ वर करायचा, आणि तीस सेकंद थांबायचं. कधीकधी काडतूस उशिरा पेटतं. मग मजीद येणार आणि रायफल मोकळी करून देणार.

वसंतरावांनी नेम धरला. चाप ओढला. फाट्! चकती पडली!

"वा काका!" सुनीती ओरडली.

दुसऱ्यांदा चाप ओढला. टिक्.

हात वर. तीस सेकंद. मजीद आला, काडतूस काढलं, वाळूच्या डब्यात टाकलं.

तिसरी गोळी फुस्स करून गेली. चकतीला लागली, पण चकती पडायच्या ऐवजी नुसती मान हलवून उभी राहिली. आणि रिकामी पुंगळी बाहेर उडण्याऐवजी रायफलच्या खिडकीत अडकून धुराड्यासारखी उभी!

हात वर. तीस सेकंद.

"काका, ही रायफल आहे की आपल्या ऑफिसचा प्रिंटर?" सुनीतीनं विचारलं.

मजीदनं समजावलं. "चाचा, बोल्टवाली में ताक़त आपके हाथ की. इसमें ताक़त गोली की. गोली कमज़ोर, तो पुर्ज़ा पूरा पीछे जाता ही नहीं." त्यानं न फुटलेलं काडतूस दाखवलं. त्याच्या बुडाच्या कडेत आत पेट घेणारं औषध असतं. घोडा त्या कडेवर आपटतो. महागाच्या काडतुसात औषध कडेभर सारखं पसरलेलं असतं. स्वस्तातल्यात कुठं आहे, कुठं नाही. घोडा नेमका नाही तिथं आपटला, की टिक्.

"बर्फीवरच्या पिस्त्यासारखं," सुनीती म्हणाली. "एकाच वडीवर सगळे, बाकीच्या कोऱ्या."

त्या दिवशी तीस गोळ्या झाडल्या. वसंतरावांचा हात अकरा वेळा वर गेला. चांगली पेटी घे, असं मजीद म्हणाला. सुनीती म्हणाली. जाफरसुद्धा जरा लाजत म्हणाला. पण वसंतराव बधले नाहीत. खरेदी चुकली हे कबूल करायचं, म्हणजे कांदे, साबण, सगळंच आलं!

"अडकतंय म्हणजे कोरडं आहे," त्यांनी निदान केलं. "तीस वर्षं स्टोअर सांभाळलंय मी. कुलूप अडकलं, बिजागरी अडकली, ड्रॉवर अडकला, उपाय एकच. तेल!"

"कोणतं तेल?" सुनीतीनं विचारलं.

"खोबरेल. घरात पाच लिटर आहे."

जाफरचा चेहरा उजळला. "सार! कोकोनट ऑइल! हमारे यहाँ खाने को, बाल को, ताले को, सब को एक ही!"

काडतुसं क्लबबाहेर न्यायला बंदी होती. म्हणून गुरुवारी संध्याकाळी तिघं क्लबच्या व्हरांड्यात सतरंजी अंथरून बसले आणि काडतुसं निवडायला लागले. अगदी तांदूळ निवडावेत तशी! वाकडं बाजूला, चेपलेलं बाजूला. उरलेल्यांवर मेणासारखा चिकट थर होता. तो घाण समजून तिघांनी फडक्यानं घासून घासून काढला. मग प्रत्येकाला खोबरेलाचं बोट. आंघोळ घालून, तेल लावून, बरणीत परत झोपवलं. बाहेर चाळीस डिग्री होतं. तेल पाण्यासारखं पातळ, काडतुसं सोन्यासारखी चमकत होती.

"उद्या पिकअप रद्द!" वसंतराव म्हणाले आणि बरणी सलमाकडे कपाटात ठेवायला दिली.

ते कपाट हॉलमध्ये होतं. हॉलचा एसी अठरावर. रात्रंदिवस.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता सलमानं बरणी काउंटरवर ठेवली आणि विचारलं, "अंकल, इसमें घी कायकू डाले?"

बरणीत पांढरंशुभ्र, घट्ट गोठलेलं काहीतरी होतं आणि त्यात काडतुसं बेदाण्यासारखी रुतून बसली होती. बरणी उलटी केली तरी एक खाली पडेना!

जाफर बरणी घेऊन उन्हात पळाला. दहा मिनिटांत तेल वितळलं. तिघांनी टिश्यू पेपरची तीन खोकी संपवून काडतुसं पुसली. मजीदनं प्रत्येक तपासलं, वास घेतला, कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "चलो. इन्शाल्ला."

सलमाकडच्या चांगल्या पेट्या संपल्या होत्या. सगळ्या प्लॅनिंगच्या सदानंदनं उचलल्या होत्या. सदानंद सांगलीचा, वसंतरावांचा वीस वर्षांचा चहाचा सोबती. तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, "वसंता, माझ्याकडं तीन पेट्या जास्त हायत. घे की एक."

"नको."

"अरे, लोण्यात बुडवलेली काडतुसं घेऊन काय करणारैस लेका? श्रीखंड?"

"सदा, मला कुणाची मदत घ्यायची नाहीये. तुला कळणार नाही." वसंतराव ताठ उभे राहिले. प्रेक्षकांत अनुजा आणि स्वानंद येऊन बसले होते. स्वानंदच्या हातात मोबाइल होता.

प्लॅनिंगनं तीस चकत्या एक मिनिट बारा सेकंदांत पाडल्या. फाट् फाट् फाट्, खलास! टाळ्या. मग फायनान्स. मग डिझाइन. सगळ्यात शेवटी स्टोअर्स.

पहिली सुनीती. तिची पहिली गोळी सुटली आणि तेवढ्यात रायफलच्या आत उरलंसुरलं खोबरेल त्या एसीत पुन्हा गोठलं. पुर्जा मागे गेला तो तिथंच रेंगाळला, थंडीत गोधडीतून बाहेर न येणाऱ्या माणसासारखा. हात वर. तीस सेकंद. पुढचं काडतूस आत जाता जाता तिरकं झालं. हात वर. त्यापुढचं टिक्. हात वर. मेण काढून टाकल्यामुळे शिसं नळीला चिकटायला लागलं, ते वेगळंच. नऊ मिनिटांनी सुनीती बाहेर आली तेव्हा तिच्या केसांना खोबरेलाचा वास येत होता.

"काका, मला आजीची आठवण आली," ती म्हणाली. "पुढं सांगा, वेणी घालायचीय का?"

मग जाफर. त्यानं दर गोळीआधी काहीतरी पुटपुटून फुंकर मारली. त्याला चौदा मिनिटं लागली.

हे चालू असताना मजीद घड्याळ बघायला लागला होता. अकराला हॉल मोकळा करून सगळ्यांना जुम्म्याच्या नमाजाला निघायचं होतं. आणि नियमाप्रमाणे एकदा सुरू झालेला नेमबाज दहा चकत्या पाडल्याशिवाय जागा सोडू शकत नव्हता. दहा वाजून बत्तीस मिनिटांनी वसंतराव उभे राहिले.

फाट्. एक पडली. टिक्. हात वर.

काचेपलीकडे बसलेल्या अनुजाला वाटलं, बाबा आपल्याला हात करतायत. तिनं हसून हात हलवला.

फुस्स. पुंगळी धुराडं झाली. हात वर. अनुजानं परत हात हलवला.

टिक्. हात वर.

"काय हे!" अनुजा स्वानंदला म्हणाली. "पहिल्यांदा शाळेच्या गॅदरिंगला आल्यासारखं काय हात करतायत दर मिनिटाला!"

"ते तुला हात करत नाहीयेत," स्वानंद म्हणाला. "ते अडकलेत. तीन मिनिटांत तिसऱ्यांदा." त्यानं लिहून ठेवलं होतं.

अनुजाचा हलवलेला हात हवेतच राहिला.

दहा पंचेचाळीस. चार चकत्या पडल्या होत्या. वसंतरावांचा डावा खांदा भरून आला होता. मजीद रायफल मोकळी करायला आला तेव्हा त्याचा चेहरा रडवेला झाला होता.

"चाचा, जुम्मा निकल जाएगा."

वसंतरावांनी मागे बघितलं. जाफर दारापाशी टोपी हातात घेऊन उभा होता. त्याच्या मागे क्लबचे आणखी सात-आठ जण, सगळे हातपाय धुऊन तयार. फक्त वसंतरावांसाठी खोळंबलेले. अजून सहा चकत्या. या वेगानं वीस मिनिटं तरी नक्की.

वसंतरावांना त्या दोन खोल्या दिसल्या. रत्नप्रभानं भिंतीवर पेन्सिलनं लिहिलेले दूधवाल्याचे, गॅसवाल्याचे नंबर दिसले. त्या भिंतीला एकोणीस वर्षांत त्यांनी रंग लावू दिला नव्हता.

मग ते वळले आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, "सदा! मला जमत नाहीये. एक पेटी दे."

सदानंद टोमणा न मारता उठला. वीस वर्षांत पहिल्यांदाच! पेटी घेऊन तो चक्क धावत आला. मजीदनं कपाटातून दुसरी, स्वच्छ रायफल काढली. वसंतरावांनी सहा काडतुसं भरली, पाय रोवले, अर्धा श्वास सोडला.

फाट् फाट् फाट् फाट् फाट् फाट्!

सहा गोळ्या, सहा चकत्या. सात सेकंद. मधे टिक् नाही, फुस्स नाही, काही नाही. मग सुनीतीनं अशी शिट्टी मारली की सलमा काउंटर सोडून आत आली.

"यल्ला, चलो!" मजीद ओरडला, आणि अख्खा हॉल दाराकडे पळाला. जाफरनं पळता पळता वसंतरावांचा हात दाबला.

स्टोअर्स डिपार्टमेंट शेवटून पहिलं आलं. एकूण वेळ सदतीस मिनिटं.

अनुजानं गाडी चालवायला घेतली. स्वानंद समजूतदारपणे मागे बसला. वसंतराव पुढच्या सीटवर, मांडीवर खोबरेलात माखलेला रुमाल घेऊन.

"हरलात," अनुजा म्हणाली.

"हरलो."

"मदत मागितलीत."

"मागितली. शब्द म्हणजे शब्द. एक तारखेला किती वाजता येतोय पिकअप?"

अनुजानं गाडी जरा हळू केली. लुसैलकडे जाणाऱ्या रस्त्यावर सगळ्या देशांचे झेंडे लावायचं काम चाललं होतं.

"बाबा, आई गेल्यापासून तुम्ही मला एक फोन केला नाहीत. 'अनू, हे कसं करू' म्हणून. एकसुद्धा नाही. मी विचारलं की म्हणायचात, सगळं छान चाललंय. म्हणून मला भीती वाटायची. तिकडं काही झालं तर तुम्ही तसेच गप्प पडून राहाल, आणि मला कळणारच नाही."

वसंतराव रुमालाची घडी घालत राहिले.

"आज तुम्ही इतक्या लोकांसमोर हात वर केलात. मी बघत होते. सदाकाकांकडं मागितलंत. तसं माझ्याकडं मागाल? अडलं की लगेच? तर मी पिकअपवाल्याला नको म्हणून सांगते."

"मागीन," वसंतराव म्हणाले. "पण कशाला अडतंय! छान चाललंय सगळं."

"बाबा!"

"बरं बरं. मागीन."

"लिहून घेऊ का?" मागून स्वानंदनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी अनुजाचा फोन वाजला. ती धडपडत उठली.

"बाबा? काय झालं? बरे आहात ना?"

"बरा आहे. हात वर केलाय."

"म्हणजे?"

"एक विचारायचं होतं. हसायचं नाही. वॉशिंग मशीनला वरती तो ड्रॉवर असतो ना, त्यात तीन खण आहेत. पावडर नेमकी कुठल्या खणात घालायची?"

अनुजा पलंगावर बसली. "दीड वर्ष कुठल्या खणात घालत होतात?"

पलीकडून ड्रॉवर ओढल्याचा आवाज आला.

"तिन्ही," वसंतराव म्हणाले. "समसमान."